धाकट्याचा वाटा

छकुलीचं गाव माझ्या हातून पुसलं गेलं. या प्रकाराला महिपतराव जबाबदार आहेत असं आमच्या घरात माझ्याशिवाय कुणीच मानत नाही. खरं सांगायचं तर मीही ते जेवणानंतर आडवा झालो की थोडा वेळच मानतो. डोळा लागायच्या आत चूक माझीच होती, अशी माझी खात्री पटते.

गाव म्हणजे खरं गाव नव्हे. छकुली माझी नात, पुण्याला असते. तिच्याकडे हातात धरून खेळायचं एक यंत्र होतं. दगडी पाटीएवढं, मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. बघायला खेळणं, पण आत अख्खा संगणक. सुट्टीला आली की ओसरीवर मला टेकून बसायची आणि त्यात गाव वसवायची. विहीर झाली, गोठा झाला, वांग्यांचे वाफे झाले. आजीचं नाव दिलेली एक मारकी म्हैस झाली. आणि एक दिवस मला न विचारता तिनं तिथं ग्रंथालय बांधलं. टेबलामागं एक चष्मेवाला माणूस उभा केला. तो मी.

ग्रंथालयात कुणी येत नसे. मी तसं दबकत बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "येतील ना आबा. आधी लोकांना प्यायला पाणी तर मिळू दे."

मी जन्मभर बारामतीच्या एका लहानशा वाचनालयात काम केलं. आता तिथं अभ्यासिका आहे. मुलं खूप येतात, पण स्वतःची पुस्तकं घेऊन येतात. त्यामुळे मी ग्रंथपाल आहे असं जगाच्या पाठीवर एकच ठिकाण उरलं होतं, आणि ते छकुलीच्या यंत्रात होतं.

शाळा सुरू झाली तसं विशालनं, म्हणजे तिच्या बापानं, ते यंत्र काढून घेतलं. अभ्यास बुडतो म्हणून त्याचं इंटरनेट त्यानं आधीच तोडलं होतं. म्हणजे ते गाव दुसरीकडं कुठंही साठवलेलं नव्हतं, त्या डब्यात होतं तेवढंच. दिवाळीपर्यंत सांभाळा म्हणून त्यानं तो डबा माझ्या हवाली केला. छकुलीनं निघताना गाडीच्या खिडकीतून मला बजावलं, "आबा, म्हशीला रोज पाणी पाज. बाकी कशाला हात लावू नको."

मी रोज संध्याकाळी म्हशीला पाणी पाजत होतो. माझ्या हातून नीट पार पडलेलं ते शेवटचं काम.

आता माझे डोळे. पुस्तकातली अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात, आणि फोनवर वाचावं तर मधेच कुणाचा तरी शुभ सकाळचा गुलाब येतो. माझ्याकडे जुन्या पुस्तकांच्या पानांचे फोटो भरलेला एक पेन ड्राइव्ह होता, वाचनालय बंद होताना मीच काढून घेतलेले. एका संध्याकाळी म्हशीला पाणी पाजताना माझ्या मनात आलं की हा पडदा किती छान आहे. उजवं बटण दाबलं की पान पुढं, डावं दाबलं की मागं. पण यंत्र फक्त खेळ ओळखायचं, पुस्तक ओळखायचं नाही.

मग मी वाचायला लागलो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुकांची सुरुवात अशीच आहे. वाचता वाचता समजलं की असल्या यंत्राला बाहेरून साठवणीची एक डबी लावायची, त्या डबीत दुसरी सिस्टीम बसवायची आणि यंत्र त्या डबीतून सुरू करायचं. डबी काढली की यंत्र पुन्हा होतं तसं. 'मूळ घराची वीटही न हलवता,' असं तिथं लिहिलं होतं. वाक्य मला फार आवडलं. चांगल्या वाक्यावर माझा चटकन विश्वास बसतो.

डबी बारामतीतही मिळाली असती. पण बारामतीत मला ओळखणारे फार, आणि विशालला ओळखणारे त्याहून जास्त. म्हणून काटेवाडीच्या थांब्यावरून मी इंदापूरची एसटी धरली. खिडकीची जागा मिळाली, शेजारची रिकामी होती, आणि तिच्यावर महिपतराव येऊन बसले.

महिपतराव आमचे शेजारी. त्यांची भेंडी आणि डाळिंबं बाजारात जातात, पण त्यांचा खरा धंदा वाटण्यांचा. आसपासच्या कितीतरी भावाभावांची जमीन, विहीर, गोठे आणि आंब्याची झाडं त्यांच्या शब्दावर दोन ठिकाणी झालेली आहेत.

"कुठं निगालात आबाजी?"

"इंदापूरला."

"ते कंडक्टरलाबी कळलं. काम काय?"

मला खोटं बोलायचं तर आधी कच्चा खर्डा लागतो. तेवढा वेळ नव्हता, म्हणून सगळं खरं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोप लागली, पण ते खटला समजून घेत होते.

"म्हंजे एका घरात दोन भाऊ," ते म्हणाले.

"तसंच काहीसं."

"थोरला आतला, धाकटा भायरचा."

"हो."

"मग दोगांस्नी सारकं द्या. धाकट्याला कमी दिलं तर त्यो कोरटात जातो. जास्ती दिलं तर थोरली जाऊ जन्मात बोलत न्हाय. सारकं दिलं की कुणालाच त्वांड ऱ्हात न्हाय."

मला हे विलक्षण पटलं. पुस्तकात जे मिळत नाही ते अनुभवात मिळतं, असं मी तेव्हा मनाशी म्हणालोसुद्धा.

इंदापुरात एसटी स्टँडच्या मागं शाहिदचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं महिपतराव माझ्यासोबत आले, म्हणजे माझ्या पुढं चालत आले. शाहिदनं यंत्र उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "केवढी डबी देऊ सर?"

"आतली जेवढी आहे तेवढी."

"मोठी घ्या की. हल्ली मोठ्या लई मिळत्यात."

"मोटी न्हाय," महिपतराव म्हणाले. "सारकी. आन आतली ज्या कंपनीची आसंल त्याच कंपनीची."

शाहिदनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. दुसऱ्याच्या ठामपणापुढं माझी मान आपोआप डोलते. त्यानं शोधून तशी डबी दिली. नवी सिस्टीम बसवायचं सगळं सामान एका छोट्या पेन ड्राइव्हवर भरून दिलं. यंत्राला भोक एकच असल्यामुळं तीन तोंडांचा एक जोडही दिला. तो बघून महिपतराव म्हणाले, "एका हिरीवर तीन मोटारी. दाब कमी पडंल बघा."

निघताना शाहिद म्हणाला, "कळफलक तेवढा लागंल, बटणांनी ते जमत न्हाय. आन आडलं तर फोन करा सर. लाजू नका."

या सगळ्या प्रकरणात मला मिळालेला सर्वांत चांगला सल्ला हाच होता.

कळफलक आमच्या वस्तीवर एकच. ज्येष्ठांच्या मंडळाच्या खोलीत, एका बिघडलेल्या संगणकाखाली, टेबलाचा तोल सांभाळायला ठेवलेला. मी अध्यक्ष सोनबातात्यांना तोंडी विचारलं. ते म्हणाले, अर्ज द्या. अर्ज दिला. अर्ज सभेपुढं ठेवावा लागेल म्हणाले. सभेला गणसंख्या भरेना, म्हणून ती तहकूब झाली आणि त्याच ठिकाणी, त्याच लोकांत, चहा पिऊन पुन्हा भरली. मग एका सभासदानं मुद्दा काढला की कळफलक दिला तर टेबल हलेल, त्याची जबाबदारी कुणाची. यावर बराच खल झाला. शेवटी ठराव झाला की अर्जदारानं टेबलाखाली स्वखर्चानं वीट ठेवावी आणि सदर विषयाची माहिती मंडळाला भाषणरूपानं द्यावी.

मी तोवर कधी भाषण केलेलं नव्हतं. सेवानिवृत्तीच्या समारंभातही मी उठलो, नमस्कार केला आणि बसलो. आता उठलो, 'मित्रहो' म्हणालो, पाणी प्यायलो. मग खाली बघत सांगितलं की एका यंत्रात एक सिस्टीम असतानाच बाहेरून दुसरी जोडता येते, आणि मनाला येईल तेव्हा हिच्यावर किंवा तिच्यावर जाता येतं.

सोनबातात्यांनी विचारलं, "पयली चालतीय न्हवं नीट?"

"चालते."

"मग ह्या वयात दुसरी कशाला?"

मागं बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांत माझी पत्नी प्रयागबाईही होती. घरी येताना ती म्हणाली, "मलाबी त्येच इचारायचं हुतं. पर तात्यांनी आदी इचारलं."

वीट ठेवून कळफलक घरी आणला, तोवर खंडेनवमी आली. प्रयागबाईनं विळी, खुरपं, कात्री, फवारणीचा पंप असं सगळं पाटावर मांडलं आणि मी अंघोळीला गेलो असताना यंत्र आणि डबीही मांडली. हळद, कुंकू, झेंडू. यंत्राच्या एकुलत्या एका भोकात कुंकू गच्च बसलं.

"अगं, याला कुंकू कशाला?"

"तुमचं हत्यार न्हवं का त्ये? मग? आन आज हात लावू नका. आज हत्यारं इसाव्याला असत्यात."

दसऱ्याला सकाळी दातकोरणीनं कुंकू काढत बसलो. एक शंका आली म्हणून शाहिदला फोन केला. मग दुसरी शंका आली. मग फोन ठेवल्यावर आपण पहिलं उत्तर नीट ऐकलं का, ही तिसरी. प्रत्येक वेळी तो "बोला सर" म्हणाला, पण तिसऱ्या वेळचं 'बोला' मला जरा थकल्यासारखं वाटलं.

दुपारनंतर महिपतराव आपट्याची पानं घेऊन आले आणि सोनं देऊन तिथंच बसले. "आज मुहूर्त हाय. उरका," म्हणाले. कळफलक आपला आहे या हक्कानं सोनबातात्या आणि मंडळी आली. ओसरी भरली. प्रयागबाईनं चहा ठेवला. मी जोड लावला, जोडाला शाहिदचा पेन ड्राइव्ह, डबी आणि कळफलक लावले. पडद्यावर पांढरी अक्षरं वाहिली आणि थांबली. नवी सिस्टीम कशावर बसवू, असं यंत्र विचारत होतं. खाली तीन ओळी होत्या. एक पेन ड्राइव्ह, तो लहान असल्यामुळं ओळखू आला. बाकीच्या दोन ओळी म्हणजे आतली साठवण आणि बाहेरची डबी. एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या. दोन थेंबांसारख्या सारख्या.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"महिपतराव," मी हळूच म्हणालो, "यातली बाहेरची कोणती?"

त्यांनी चष्मा चढवला. इंग्रजी त्यांना येत नाही, पण कागद कसा मांडतात ते येतं. "खालची," ते म्हणाले.

"कशावरून?"

"आबाजी, वाटणीच्या कागदावर धाकट्याचं नाव कदी वर बगितलंय? आदी थोरला, मग धाकटा. आतला वर, भायरचा खाली. सरळ हाय."

मी खरोखरच कधी बघितलं नव्हतं. आमच्याही वाटणीत वर दादांचं नाव होतं, खाली माझं. सभासदांनी माना हलवल्या. ही रीतच आहे, म्हणाले.

तरी मला शंका होती, हे मी शपथेवर सांगतो. फोन समोरच होता. शाहिदला एकदा विचारावं असं वाटलं. पण चौथ्यांदा फोन, तोही सणाच्या दिवशी. सण त्याचा नव्हता, माझा होता, तरी बरं दिसेना. शिवाय तो जेवत असेल तर? आणि इतक्या लोकांसमोर, वरची की खालची, असं विचारायचं. मी फोन पालथा घातला.

खालची ओळ निवडली. यंत्रानं बजावलं: यावरचं सगळं कायमचं पुसलं जाईल. खात्री आहे का?

गॅस बंद केला का, हे बघायला मी फाटकातून परत येतो. पोस्टात पाकीट टाकल्यावर पेटीच्या तोंडातून आत डोकावतो. माझी खात्री आहे का, हे मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते यंत्रानं, मागं माणसं बसलेली असताना.

"दाबा की आबाजी," सोनबातात्या म्हणाले, "च्या गार व्हतोय."

मी दाबलं.

सगळं इतकं सुरळीत पार पडलं की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. नवी सिस्टीम बसली, पडदा उजळला. शाहिदचा पेन ड्राइव्ह काढून मी माझा लावला, पुस्तकं यंत्रात उतरवली आणि एक उघडलं. अक्षरं हरभऱ्याएवढी. सोनबातात्यांनी चष्म्याशिवाय एक ओळ मोठ्यानं वाचली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी वाजलेल्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या. मी उठून नमस्कार केला आणि बसलो.

मंडळी गेली. दिवेलागणीला म्हशीला पाणी पाजायची वेळ झाली, म्हणून मी डबी काढली आणि यंत्र सुरू केलं. आता मूळ घर दिसायला हवं होतं. नवीच सिस्टीम उघडली. बंद केलं, पुन्हा सुरू केलं. नवीच. डबी बाहेर माझ्या तळहातावर होती, तरी नवीच.

मी शाहिदला फोन लावला. या वेळी लाज वाटली नाही. त्यानं दोन प्रश्न विचारले.

"भायरून लावलेलं ते आदी दाखवतं सर," तो मग म्हणाला. "आतलं खाली असतं."

"परत आणता येईल?"

"त्याच्यावरच नवं लिवलं गेलंय." आणि वर म्हणाला, "एक फोन करायचा हुता सर."

"तुम्ही जेवत असाल असं वाटलं."

"दिवसभर?"

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी महिपतराव डाळिंबं घेऊन आले आणि ओसरीच्या कडेला बसले. मी त्यांच्यावर रागवायचं ठरवून ठेवलं होतं, वाक्यंही जुळवली होती. पण त्यांचा चेहरा बघून ती तशीच गिळली.

"माज्या हातनं आजवर एकबी वाटणी फिसकाटली न्हवती," ते म्हणाले. "यंत्राला रीत न्हाय आबाजी. पाव्हण्याचं नाव वर घालतं, घरच्याचं खाली."

"चूक माझीच आहे महिपतराव."

"व्हय, तुमी दाबलं," ते म्हणाले. या बाबतीत ते वाटणी करत नाहीत.

दिवाळीपर्यंतचे दिवस मी माफीचा मजकूर तयार करण्यात घालवले. पहिला फार लांब झाला. दुसऱ्यात यंत्रांच्या स्वभावाविषयी एक परिच्छेद आला, तो काढला. तिसरा चांगला जमला होता. त्यात 'अनवधान' हा शब्द योग्य जागी पडला होता. ते सगळं पाठ करून मी वसुबारसेला फाटकात उभा राहिलो.

छकुली गाडीतून उतरली. उंच झाली होती. चपला काढता काढता तिनं विचारलं, "म्हशीला पाणी पाजलं?"

माझा सगळा मजकूर गेला. "छकुले," मी म्हणालो, "म्हैस गेली."

"कुणाची म्हस गेली?" प्रयागबाई आतून धावत आली.

छकुली माझ्याकडं बघत होती. "आणि गोठा?"

"गोठा पण."

"विहीर?"

"सगळं गं. चुकून पुसलं गेलं."

तिनं चपला कडेला ठेवल्या. मग हळूच म्हणाली, "आणि तू?"

"मी पण," मी म्हणालो.

ती रडली असती तर बरं झालं असतं. ओरडली असती तर त्याहून बरं. ती आत जाऊन आजीबरोबर करंज्या भरायला बसली. विशालनं सगळी हकिगत ऐकली आणि कपाळावर हात मारला. मला तो हात त्याच्या नव्हे, माझ्याच कपाळावर बसल्यासारखा वाटला.

पाडव्याला महिपतराव फराळाला आले. यंत्र आणि डबी कोनाड्यात शेजारी शेजारी ठेवलेली होती. त्यांच्याकडं बघत ते म्हणाले, "ह्येचा निकाल लावा आता. थोरल्यानं वाटं पाडायचं आन धाकट्यानं आदी उचलायचा. ही रीत तरी खोटी न्हाय."

मी दोन्ही वस्तू छकुलीसमोर पाटावर ठेवल्या. यंत्रात माझी पुस्तकं होती, डबी रिकामी. तिनं यंत्र उचलावं, पुस्तकं पुसावीत आणि माझी शिक्षा पुरी व्हावी, असं मला मनापासून वाटत होतं.

"यात अक्षरं मोठी दिसतात तुला?" तिनं यंत्राला बोट लावून विचारलं.

"हो. पण ते महत्त्वाचं नाही."

तिनं डबी उचलली.

"अगं, त्यात काही नाही."

"माहितीये." तिनं ती फ्रॉकच्या खिशात टाकली आणि चकली घेतली. "परत कशाला सगळं उचकटायचं आबा. राहू दे तुझ्याकडे."

"मग त्या डबीत नवं गाव वसवशील?" मी विचारलं. "विहीर आधी. ग्रंथालय मागाहून झालं तरी चालेल."

"बघू," ती म्हणाली.

हा शब्द मी जन्मभर वाचनालयात मुलांना ऐकवला. हवं ते पुस्तक आपल्याकडं नसलं आणि येणारही नसलं, की मी म्हणायचो, बघू.

ती पुण्याला गेली. आता रोज संध्याकाळी मी ओसरीवर यंत्र घेऊन बसतो. सुरू केलं की पडद्यावर थोडा वेळ दोन नावं दिसतात. वर नव्या सिस्टीमचं, खाली जुनीचं. धाकटा वर, थोरला खाली. जुन्या नावामागं काहीही उरलेलं नाही, नुसती पाटी राहिली आहे. शाहिद म्हणाला होता, आणा सर, क्षणात काढून देतो. मी म्हणालो, असू दे.

म्हशीला पाणी पाजायची वेळ झाली की मी आधी खालचं नाव दाबतो. यंत्र जरा विचार करतं आणि सापडत नाही म्हणतं. मग मी वरचं दाबतो आणि वाचायला बसतो. अक्षरं खरोखरच मोठी दिसतात.